बिळातली दिवड

काशीबाई : माजी शिडी कुनी उतरवली विहिरीत? इंदूबाय, तुला विचारते मी. टोपली खाली ठेवायच्या आधी सांग.

इंदुबाई : मावशी, टोपली टाका अन् आधी इकडं या. शिडी मोडली. हे आत हायेत.

काशीबाई : कोन, चंद्रभान? तुजा नवरा?

चंद्रभान : मावशी! म्याच हाये. दोर टाका आधी, रागवायचं ते मागून रागवा.

काशीबाई : अरे देवा. लागलंय का तुला?

चंद्रभान : खांदा सोललाय. कमरेएवढ्या पाण्यात उभा हाये. खाणीवर दुपारचा पहिला सुरुंग उडाला अन् समोरची भिंत ढासळली. दगड शिडीवर आले, शिडीचे दोन तुकडे. म्या कसाबसा ह्या अंगाला सरकलो.

काशीबाई : पन विहिरीत तुजं काम काय होतं? आज बांधकामाला सुट्टी, तर माज्या भाड्याच्या खोलीत पडायचं.

चंद्रभान : इंदे, सांग की तिला.

इंदुबाई : तिला मारायला उतरले.

काशीबाई : कुनाला?

इंदुबाई : त्या बिळातल्या नागिणीला. म्याच म्हणलं उतरा म्हणून. तुमी बाजाराला गेल्या, तुमची समदी मानसं माहीमला लग्नाला गेली, म्हणलं आजच हुईल.

काशीबाई : सकाळी जाताना तुला काय सांगून गेले मी? नाग नाय ती, दिवड हाय, पान्यातली, बिनविषाची. बेडूक खाते, मासे खाते, पाऊस पडला की आपल्या पायानं... आपल्या पोटानं भाताच्या खाचरात निघून जाते. माज्या सासूच्या वेळेपासून या विहिरीत दिवडी हायेत. कुनाला काय केलं?

इंदुबाई : माझी हंसा तीन वर्षांची हाये मावशी. उठता बसता विहिरीच्या कठड्याला लटकती. अन् त्या जनावरानं काल माझ्याम्होरं फणा काढला. घागर सोडली तशी ह्येवढी मान रुंद केली. फणा नागालाच असतोय.

चंद्रभान : अगं बायांनो, भांडणं वर ठिवा! दोर आना!

काशीबाई : रहाटाचा दोर कुठं गेला?

इंदुबाई : टाकला व्हता. ह्येंनी अंग टाकलं अन् मधूनच तुटला, कुजलेला निघाला. ह्यांना एकटं सोडून कुणाला हाक मारायला जावं, तर पाय निघंना. ओरडून घसा बसला, आळीत चिटपाखरू न्हाई.

काशीबाई : पडवीत होडीचा जुना दोर टांगलाय, जाड. जा, घेऊन ये. धाव. चंद्रभान, तू जाग्यावरून हलू नको.

चंद्रभान : हलून जातो कुठं? पर मावशी, ऐका. समोरची राहिलेली भिंत पोटातून फुगलीय. मधनं मधनं खडे गळत्यात. सुट्टी आपल्याला, खाणीला न्हाई. दुसरा सुरुंग उडाला तर समदं माझ्या डोक्यात.

काशीबाई : दुसरा कवा?

चंद्रभान : जेवणं झाल्यावर. आधी भोंगा वाजतो. आता कधीबी वाजंल.

इंदुबाई : मावशी, हा घ्या दोर. म्या खाणीवर पळत जाते, सुरुंग थांबवा म्हणते.

काशीबाई : टेकडीला वळसा घालून जाशील कवा आनि सांगशील कवा? आनि वर मी एकटी. नको. या भेंडीच्या झाडाच्या बुंध्याला दोराचा वेढा दे. असा नाय, खालून घे, पुन्ना फिरव. होडी ओढताना आमी असाच देतो. तो जेवढा वर येईल तेवढा ढिला दोर मी ओढून घ्यायचा, मग त्याचं वजन झाड धरतं. आपन नुसतं धरून राहायचं. चंद्रभान, दोर आला का?

चंद्रभान : आला. काखेतून बांधतो.

काशीबाई : तुजा तू चढायचास, समजलं? दोन बायकांनी गडी उचलायचा नाय. पाय ठेवायला काय हाय तुज्या बाजूला?

चंद्रभान : खालच्या पायऱ्या मगाशीच निखळल्या. छातीच्या उंचीवर एक दगड निघालेला हाये, तिथं बीळ हाये. त्याच्या वर मातूर दगड चांगले भाईर आल्यात, शिडीवानी. बिळावर पाय पडला की म्या वर आलोच.

काशीबाई : मग ठेव की पाय.

चंद्रभान : बिळात ती बसलीय मावशी.

काशीबाई : त्याच बिळात?

चंद्रभान : त्याच. म्या तिच्यासाठीच ह्या अंगाला शिडी लावली व्हती. पहार पाण्यात गेली. आता तिचं तोंड माझ्या छातीम्होरं हाये. हात लांब केला तर लागंल एवढी. श्वास सोडला की फुसकारती.

काशीबाई : एक काम कर. दोराचं टोक तिच्यापुढं हलव. दिवड असली तर सरळ पान्यात उडी मारेल. लय भित्री असते, मानूस दिसला की बुडी मारते आनि पार तिकडे निघते.

चंद्रभान : मगाशीच केलं. पहारीनं टोचली तरी हलली न्हाई. तशीच वेटोळं घालून बसली. खाली कायतरी पांढरं हाये.

काशीबाई : पांढरं?

चंद्रभान : अंडी हायेत वाटतं. गठ्ठाच हाये. त्यांच्यावर बसलीय.

इंदुबाई : मावशी. मावशी, तुमी मागं का सरकल्या?

काशीबाई : हळू बोल. त्याला ऐकू जाईल.

इंदुबाई : काय झालं?

काशीबाई : दिवड बसते अंड्यांवर. पिल्लं निघेपर्यंत बिळ सोडत नाय, मी बघितलंय बांधाच्या उंदराच्या बिळात. पन इंदूबाय, नागीन पन बसते.

इंदुबाई : मंजी?

काशीबाई : मंजी मी जिला दिवड म्हनते, ती मी पान्यात पोहताना बघितली. वरून, दुपारच्या उन्हात. नाक तेवढं वर आनि मागे पान्याची रेघ. बिळात बसलीय ती तीच का दुसरी, ते मला इथून अंधारात कसं कळावं?

इंदुबाई : आन् सकाळी छातीवर हात मारून सांगत व्हत्या!

काशीबाई : सकाळी तिच्यापुढे मानूस उभा नव्हता.

चंद्रभान : काय कुजबुजताय गं? मला सांगा काय ते!

काशीबाई : काय नाय रे! तुला तिचा रंग दिसतो का?

चंद्रभान : हितं काळोख हाये. काळं कायतरी चमकतंय. मान चपटी केलीय, हाताच्या पंजाएवढी.

इंदुबाई : ऐकलं? फणा.

काशीबाई : मान तर दिवड पन चपटी करते, खवळली की. घाबरवायला. मान चपटी करून ती नागासारखी ताठ उभी राहत नाय, खालीच राहते आनि तिथून झेप टाकते. इंदूबाय, तुमच्याकडे परात हाय ना, पितळेची?

इंदुबाई : हाये. आत्ता परातीचं काय?

काशीबाई : उन्ह अजून या अंगाला हाय. परात धरून आत कवडसा पाड. काय हाय ते बघूनच घेऊ. जा.

चंद्रभान : मावशी, इंदी गेली का?

काशीबाई : परात आनायला गेली. का रे?

चंद्रभान : ती नसताना सांगतो. हा दोर तुटला न्हाई, पाय घसरला न्हाई अन् ही मला डसली, तर हंसी झोपेतनं उठली तरी तिला माझ्याजवळ येऊ देऊ नका. पोरीनं एक बघितलं न्हाई, ते बरं व्हतं. इंदीनं बघितलंय.

काशीबाई : काय बघितलंय?

चंद्रभान : आमचा थोरला. चिंधू. तिकडं सिन्नरला, गावी. कडब्याच्या गंजीत हात घातला पोरानं. माझा बाप म्हणला, धामण असंल, न्हाईतर पाणसाप असंल, काय हुत न्हाई, हळद लावा. हळद लावून बसलो आमी. पोरगं पानी मागाया लागलं तर त्याला गिळता येईना. पापण्या मिटाया लागल्या. झोप आलीय म्हणलो आमी.

काशीबाई : कवा झालं हे?

चंद्रभान : हंसीच्या आधी. मग म्या गावच सोडलं. मुकादम म्हणला, तारापूरला बांधकाम निघालंय, चल. आलो. तवापासून इंदीला कुणी म्हणलं ना की ह्या सापाला इख न्हाई, तिचं डोकं फिरतं.

काशीबाई : मला आधी का नाय सांगितलं रे तुमी?

चंद्रभान : कुणाला सांगायचं असतं व्हय ते.

इंदुबाई : ही घ्या परात. अवं, डोळे मिटा, तोंडावर येईल उजेड.

काशीबाई : अजून तिरपी कर. खाली. खाली. त्याच्या खांद्यावरून बिळाकडे ने. बास! धर तिथंच, हात हलवू नको. चंद्रभान, आता बघ आनि मला सांग. घाई नको करू. रंग?

चंद्रभान : पिवळट. हिरवट पिवळा. अन् त्याच्यावर काळं... थांबा, फुसकारतीय.

काशीबाई : फुसकारू दे. काळं काय?

चंद्रभान : काळे ठिपके. ठिपके न्हाई, चौकोन. एक काळा, एक पिवळा, एक काळा. पार अंगभर. सारीपाट मांडल्यावानी.

काशीबाई : मानेवर? चपट्या मानेवर नागाच्या फण्यावर असतो तसा दहाचा आकडा हाय?

चंद्रभान : न्हाई दिसत. तिथंबी चौकोनच हायेत, फाकलेले. मधली कातडी दिसतीय.

काशीबाई : खवले गुळगुळीत, का प्रत्येकाला मधे बारीक धार?

चंद्रभान : धार हाये. कानशीवानी दिसतंय अंग. चमकतंय पर खरबरीत हाये.

काशीबाई : आता डोळा बघ. डोळ्याखाली काय दिसतं?

चंद्रभान : मावशी, तिच्या डोळ्यात बघायला लावू नका मला.

काशीबाई : बघ म्हनते ना!

चंद्रभान : मोठा डोळा. गोल. खाली काळी रेघ हाये, तिरपी. दोन रेघा. एक डोळ्याखालून ओठावर आलीय, दुसरी डोळ्यामागनं जबड्याकडं गेलीय. रडून काजळ ओघळल्यावानी.

काशीबाई : दिवड. दिवडच हाय ती. इंदूबाय, दिवड हाय. आता मी सांगते, आनि वरून बघितलं म्हनून नाय सांगत. ठेव पाय, चंद्रभान! बिळाच्या उंबऱ्यावर डावा पाय, आनि हात वरच्या दगडाला.

चंद्रभान : पाय ठेवला तर चावंल ती.

काशीबाई : चावेल. अंड्यांवर बसलीय, चावेलच. खोटं कशाला सांगू? लय चिडकी जात हाय. भाताची आवनी करताना माज्या पोटरीला चावलीय. रक्त येतं, ठनकतं, पन मानूस मरत नाय. एक सांगते, चावली तर पायाला हिसका मारू नको. दात मागे वळलेले असतात, अडकतात. हिसका दिलास तर तोल जाईल आनि मांस पन फाटेल. तशीच राहू दे, तीच सोडेल.

चंद्रभान : माझ्यानं न्हाई हुणार.

काशीबाई : अरे, दिवड हाय!

चंद्रभान : माझा बापबी असंच म्हणला व्हता मावशी! पाणसाप हाये म्हणला व्हता! तुमी कठड्यावर बसून सांगताय. पाय माझा हाये. तिला दमानं घेऊ, जाईल ती, आपण वाट बघू...

इंदुबाई : मावशी, भोंगा.

काशीबाई : वाजला.

चंद्रभान : वाजला का गं? खाणीचाच का?

इंदुबाई : खाणीचाच.

काशीबाई : इंदूबाय, माजं ऐकायचा नाय तो. तुजं ऐकेल. तू सांग.

इंदुबाई : म्या कसं सांगू? म्या ह्यांना कसं सांगू मावशी, पाय ठेवा म्हणून? सापापाशी पाय ठेवा म्हणून म्या सांगू?

काशीबाई : तूच. दुसरं कोन हाय इथं?

इंदुबाई : तुमाला आवनी करताना चावली म्हणता. खूण दाखवा मला.

काशीबाई : खून कशी राहील? ओरखडा तो, पावसाळा सरायच्या आत गेला. माज्या शब्दाशिवाय दुसरं काय नाय माज्याकडे. भिंत बघ. बघ ती.

चंद्रभान : दगड गळतोय! इंदे!

इंदुबाई : अवं, ऐका. माझ्याकडं बघा, वर. दिसती का मी?

चंद्रभान : दिसती.

इंदुबाई : चिंधूच्या वक्ताला अंधार व्हता. कुणी बघितलं न्हवतं. मामंजी बोलले अन् आपण मान हलवली. कुणी कंदील घेऊन गंजीपाशी गेलं न्हाई. आता म्या उजेड धरलाय. चौकोन तुमी बघितले, म्याबी बघितले हितनं. डोळ्याखालच्या रेघा तुमी मोजल्या. काल मला नुसता फणा दिसला व्हता, आज समदं जनावर दिसलं. ही नागीण न्हाई.

चंद्रभान : तू सांगतीस?

इंदुबाई : म्या सांगते. पाय ठेवा. चावली तर चावू द्या. वर या तुमी.

काशीबाई : परात टाक, दोर धर! माज्यामागे उभी राहा. चंद्रभान, चढ!

चंद्रभान : ठेवला. पाय ठेवला. हात... हात पोचला. आई गं! धरलं! धरलं तिनं!

काशीबाई : हिसका नको!

चंद्रभान : घोट्याला धरलंय, सोडंना!

इंदुबाई : सोडंल ती! दुसरा पाय वर घ्या! तिला राहू द्या, दुसरा पाय घ्या!

काशीबाई : ओढ, इंदूबाय! ढील आलीय, ओढ! वेढा सुटू देऊ नको!

चंद्रभान : सोडलं. सोडलं तिनं. येतो... आलो...

(चंद्रभानचे कोपर कठड्यावर येतात. दोघी त्याला सदऱ्याला, दंडाला धरून बाहेर ओढतात आणि तिघेही भेंडीच्या पलीकडे जाऊन पडतात. टेकडीमागे सुरुंग उडतो. विहिरीतून दगड कोसळल्याचा आवाज बराच वेळ येत राहतो.)

काशीबाई : संपलं. संपलं आता. उठू नका, धूळ बसू दे.

इंदुबाई : पाय बघू. पाय दाखवा मला. मावशी, रक्त लई हाये.

काशीबाई : पदरानं पूस. आता नीट बघ. नागाचे दोन दात रुततात, दोन भोकं पडतात. इथं बघ, करवत फिरवल्यासारखी बारीक टोचनी हाय. एक ओळ वर, एक खाली. मोजत बसशील तर दमशील.

इंदुबाई : अवं, गिळून दाखवा.

चंद्रभान : तोंडाला कोरड पडलीय, काय गिळू?

इंदुबाई : गिळा म्हणते ना. थुंकी गिळा. आन् माझ्याकडं बघा, डोळे मिटू नका. पापण्या जड वाटतात का? झोप येती?

चंद्रभान : न्हाई गं.

इंदुबाई : बोलत ऱ्हा. काय बी बोला. जीभ जड हुती का?

चंद्रभान : काय बोलू? परात चेपली असंल तुझी. लग्नातली परात.

इंदुबाई : चेपू द्या. बोला. थांबू नका.

चंद्रभान : चिंधूला ती परात लई आवडायची. पालथी घालून वाजवायचा. तुला आठवतं?

इंदुबाई : आठवतं.

चंद्रभान : म्या कधी नाव काढत न्हाई त्याचं तुझ्याम्होरं. तुला वाटत असंल, बापानं इसरून टाकलं.

इंदुबाई : न्हाई. तसं न्हाई वाटलं कधी. बोला. त्याचंच बोला.

काशीबाई : आवाज स्वच्छ हाय त्याचा. नागाचं चढायला वेळ लागतो, पन ही टोचनी दिवडीचीच हाय. तरी पन इंदूबाय, याचा पाय साबनानं धू आनि याला बोईसरला डाक्टरकडे ने. लोखंडाचं, शेवाळ्याचं, कशाचं काय लागलं असेल, सुई घेतलेली बरी. मी हंसाला बघते, आवाजानं उठली असेल.

चंद्रभान : मावशी, तुमचे हात बघा.

काशीबाई : दोरानं सोलले. मासळीला मीठ लावायचेच हात हे. तू उठ, उभं राहता येतं का बघ.

चंद्रभान : येतं. दुखतंय, पर येतं. इंदे, तू कुठं चाललीस? भिंतीजवळ जाऊ नको.

इंदुबाई : जात न्हाई जवळ. हितनंच दिसतंय. मावशी, ती भाईर आली.

काशीबाई : कोन, दिवड? जिती हाय?

इंदुबाई : पोहतीय. नाक तेवढं वर हाये. समोरची समदी भिंत ह्या अंगाला येऊन पडलीय, बीळ दिसत न्हाई कुठं. तिथवर जाती, दगडाला तोंड लावती, फिरून येती. परत तिथंच जाती.

काशीबाई : गाडलं गेलं बीळ.

चंद्रभान : अंडी?

काशीबाई : ती कशी राहतील रे?

चंद्रभान : सापाला कळतं का हो मावशी असलं?

काशीबाई : मला नाय ठाव. बेडूक धरताना बघितलीय मी ती, पोहताना बघितलीय, कात टाकताना बघितलीय. हे नाय कवा बघितलं. चला, उन्हात नको थांबू. इंदूबाय, चल गं.

चंद्रभान : इंदे, चल.

इंदुबाई : तुमी व्हा म्होरं, पाय धुवून घ्या. म्या बसते हितं जरा, तिच्यापाशी.